मार्चपर्यंतची पट्टी

"ह्या रेघा काढून टाकता येतील का?" सामंतसाहेबांनी माझ्या स्क्रीनवर पेनचं टोक टेकवत विचारलं.

"कुठल्या, सर?"

"ह्याच, तिरक्या. निळी पट्टी चांगली सरळ येते आणि मध्येच रेघांची होते. वाईट दिसतं."

"रेघा आहेत तिथलं काम अजून पक्कं नाही. निळं आहे तिथपर्यंत क्लायंटची लेखी ऑर्डर आहे. पुढचं आपण धरून चाललोय."

"ते मला माहीत आहे हो, टिळेकर. पण सगळ्या ऑफिसला कशाला माहीत हवं? एप्रिलपासून चार राजीनामे आले. जाताना चौघंही एकच म्हणाले, आमच्या पट्टीला रेघा आल्या."

मी डिस्प्ले सेटिंग उघडलं. अजून पक्कं न झालेलं काम कसं दाखवायचं, ह्याचे तीन पर्याय होते: दाखवूच नका, रेघांनी दाखवा, पक्क्या कामासारखंच दाखवा. मी तिसरा निवडला. खाली विचारलं होतं, हे कोणासाठी? तिथं मी 'कर्मचारी' लिहिलं. मॅनेजर लोकांच्या आणि माझ्या स्क्रीनवर रेघा तशाच ठेवल्या. सेव्ह केलं, आणि कंपनीतल्या दोनशे चौदा माणसांच्या पट्ट्या एकतीस मार्चपर्यंत अखंड निळ्या झाल्या.

"आता बघा किती शांत वाटतं," सामंतसाहेब म्हणाले.

पाच मिनिटांचं काम. मी एकही तारीख खोडली नव्हती, एकही आकडा बदलला नव्हता. बदललं होतं ते फक्त दिसणं, आणि कंपनी मला पगार त्याचाच देत होती.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. कंपनी पुण्यातली, परदेशी कारखान्यांसाठी मशिनांची डिझाइनं करणारी. कोण कुठल्या प्रकल्पावर, आठवड्याचे किती टक्के, कधीपर्यंत, हे आधी एका एक्सेल शीटमध्ये असायचं आणि ती शीट सामंतसाहेबांशिवाय कोणाला कळायची नाही. मग नवं सॉफ्टवेअर आलं. डावीकडे माणसांची नावं, वर आठवडे आणि प्रत्येक नावासमोर एक आडवी पट्टी. ते कसं दिसायला हवं, नावाखाली काय लिहायचं, कुठला रकाना कोणापासून लपवायचा, कशाला कुठला रंग, हे सगळं माझ्याकडे आलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्याच महिन्यात मी रजेला नारिंगी रंग दिला आणि कॉरिडॉरमधल्या टीव्हीवर ड्रॉइंग विभागातल्या एका मुलीची तीन महिन्यांची नारिंगी पट्टी झळकली. तिच्या सासूला कळायच्या आधी कॅन्टीनला कळलं. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग मी रजेची पट्टी पांढरी केली.

प्रत्येकाला स्वतःची पट्टी आपापल्या स्क्रीनवर दिसायची, तरी लोक माझ्या टेबलाशी यायचेच. "ताई, माझं पुढचं जरा बघा ना." जणू मी पत्रिका मांडून बसले होते. मला 'पंचांगवाल्या बाई' हे नावही पडलं. एक जण तर साखरपुड्याची तारीख धरायच्या आधी येऊन पट्टी बघून गेला.

"आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. ह्याचा पगार मिळतो तुला," असं नागनाथदादा म्हणायचे.

नागनाथ कोरे. मूळचे सोलापूरचे, वय पंचेचाळीस, कंपनीत सोळा वर्षं. गिअरबॉक्सची ड्रॉइंगं करायचे, आणि त्यांच्या ड्रॉइंगमध्ये चूक सापडली असं कधी ऐकलं नाही. एका जर्मन कंपनीच्या पॅकिंग मशिनच्या प्रकल्पावर ते तीन वर्षं होते. दुपारी आम्ही दोघं कॅन्टीनच्या शेवटच्या टेबलावर जेवायचो.

त्याची सुरुवात जानेवारीत माझी आई गेली तेव्हा झाली. अकरा वर्षं ती अंथरुणाला होती. त्या अकरा वर्षांत लग्न, मैत्रिणी, भिशी, सगळंच बाजूला पडत गेलं. ती गेल्यावर लोकांना वाटलं, सुटली एकदाची हेमांगी. दोघी-तिघींनी तसं तोंडावर म्हणूनही दाखवलं. मला सुटल्यासारखं वाटत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. हडपसरला घरी जायचे, चप्पल काढून खुर्चीत बसायचे, आणि पुढचं भान यायचं ते झोपायच्या वेळेला. रात्रीचं जेवण मी बंद केलं होतं. ठरवून नाही, राहूनच जायचं.

हे नागनाथदादांच्या लक्षात कसं आलं, माहीत नाही. फेब्रुवारीत एक दिवस त्यांनी माझ्या चहाशेजारी डब्याच्या झाकणात दोन कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ठेवली.

"हे काय?"

"महानंदानं दिलंय तुझ्यासाठी." महानंदा म्हणजे त्यांची बायको.

"मी त्यांना कधी भेटलेसुद्धा नाही."

"मी सांगितलं तिला, आमच्या हापिसात एक बाई हाय, नुसत्या चहावर जगती. खा."

त्यानंतर रोज माझ्या वाटणीचं यायला लागलं. मी नको म्हणाले नाही. दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी बोललं जाणारं वाक्य बहुतेक वेळा तेवढंच असायचं, "खा." त्या अर्ध्या तासासाठी मी ऑफिसला जात होते, हे खरं आहे. त्याआधी आणि त्यानंतर फक्त पट्ट्या होत्या.

रेघा काढल्याला आठवडा झाला आणि बुधवारी, आठ मेला, सामंतसाहेब सकाळीच एक कागद घेऊन आले. जर्मन कंपनीनं पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली होती. पंधरा जुलैला त्यांचं काम संपणार होतं, आणि त्यातल्या अकरा माणसांसाठी दुसरीकडे जागा नव्हती. कागदावर ती अकरा नावं होती.

"सोडायची तारीख भरून ठेवा. एचआर जुलैमध्ये बोलेल त्यांच्याशी," ते म्हणाले.

'सोडायची तारीख' हा रकाना मी आधीच कर्मचाऱ्यांच्या स्क्रीनवरून लपवलेला होता. चौथं नाव कोरे, नागनाथ. मी त्यापुढे पंधरा जुलै भरलं आणि पाचव्या नावाकडे गेले. माझ्या स्क्रीनवर अकरा पट्ट्या पंधरा जुलैला तुटल्या. त्या अकरा जणांच्या स्वतःच्या स्क्रीनवर त्या मार्चपर्यंत निळ्या होत्या. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघडून मी एकदा तपासून घेतलं. सेटिंग बरोबर चालत होतं.

शुक्रवारी जेवताना नागनाथदादा म्हणाले, "ताई, मी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. एक विचारायचंय."

"विचारा की."

"सोलापूरहून बोलावणं आलंय. साखर कारखान्याची मशिनरी बनवणारे हाईत. पगार इथल्यापेक्षा थोडा कमी, पण कायमची नोकरी. घर आपलं हायच तिथं. एक जूनला हजर व्हायचं, आणि हो-नाही उद्या दुपारपर्यंत कळवायचं."

"मग अडचण काय?"

"कस्तुरीची बारावी." कस्तुरी त्यांची मुलगी, एकुलती एक. "अकरावी इथं झाली. क्लास इथं, मास्तर इथं, मैत्रिणी इथं. ऐन बारावीला उचलून तिकडं नेऊ कशी? महानंदा म्हणती, पोरीची परीक्षा होऊ द्या, मग म्हणाल तिथं येते. मला मार्चपर्यंतच इथं टिकायचंय. त्याच्या पुढचं काय नको."

"आणि नाही टिकलात तर?"

हे मी विचारलं. अगदी कोरड्या आवाजात, फॉर्ममधला पुढचा रकाना वाचावा तसं.

"तर अवघडच हाय की. ह्या वयाला कोण घेतंय? माझं सगळं जुन्या पद्धतीचं. हे सोलापूरवालं ओळखीनं आलंय, परत यायचं नाही. ते सोडलं आणि इथलं बी गेलं, तर पोरीच्या बारावीत बाप घरात बसलेला. म्हणून विचारतोय."

"स्क्रीनवर मार्चपर्यंत आहे," मी म्हणाले.

"ते मी बी बघितलं. स्क्रीनला नाही विचारत मी. तुला विचारतोय."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुर्ची ओढली. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला. चटणीत त्या दिवशी लसूण जरा जास्त होता.

"मार्चपर्यंतच आहे," मी म्हणाले.

ते हसले. "झालं मग. हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागा?" आणि तिथंच, माझ्यासमोर, त्यांनी सोलापूरला फोन लावला. "नाही साहेब, यंदा जमत नाही. पोरीची बारावी हाय... इथलं पक्कं हाय की मार्चपर्यंत... होय, नीट चौकशी करूनच सांगतोय." फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे वळले. "बघती काय नुसती? खा."

मी खाल्लं. सगळं संपवलं.

अजूनही वेळ गेली नव्हती. शनिवारी दुपारपर्यंत त्यांना पुन्हा फोन करून 'येतो' म्हणता आलं असतं. शनिवारी आम्हाला सुट्टी असायची. त्यांचा नंबर माझ्याकडे होता, फोन ओट्यावर होता. मी फरशी पुसली, मग आईच्या कपाटातल्या साड्या काढून पुन्हा त्याच घड्या घालून ठेवल्या. मला भीती वाटत नव्हती आणि वाईटही वाटत नव्हतं. दुपारचे दोन वाजले तेव्हा मात्र बरं वाटलं. जानेवारीनंतर मला काहीतरी वाटल्याचं मला आठवतं, ते हेच.

मग मे गेला, जून लागला. आम्ही रोज जेवत होतो. कस्तुरीला भौतिकशास्त्र जड जातं, तिला पहाटे उठवायला बापच लागतो, आईचं ती ऐकत नाही, हे सगळं मी ऐकत होते. एकदा तिनं माझ्यासाठी स्वतः केलेला शिरा पाठवला. तो खाली लागलेला होता. "पोरीनं पहिल्यांदा केलाय, नावं ठेवू नको," नागनाथदादा म्हणाले. मी नावं ठेवली नाहीत. त्या दिवसांत माझं वजन दोन किलो वाढलं आणि आरशात तोंडावर जरा रंग दिसायला लागला.

बारा जुलैला एचआरनं त्या अकरा जणांना एकेक करून खालच्या मजल्यावर बोलावलं. मी माझ्या जागेवर होते. साडेअकराच्या सुमाराला नागनाथदादा वर आले, एक खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "ताई, तुझ्या मशिनवर माझी पट्टी दाखव."

"दादा..."

"दाखव की. माझ्याकडची आत्ताच बघून आलो. अजून मार्चपर्यंत निळी हाय."

मी त्यांचं नाव उघडलं. पट्टी पंधरा जुलैला तुटलेली होती. त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि तुटलेल्या टोकावर नेला. तिथं माउस नेला की नोंद कोणी आणि कधी केली ते दिसायचं. तेही मीच कधीतरी चालू करून ठेवलेलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. नोंद: हेमांगी टिळेकर, आठ मे.

"आठ मे म्हणजे बुधवार," ते म्हणाले. "मी तुला शुक्रवारी विचारलं."

"हो."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. "सोलापूरला मघाशी फोन केला मी. ती जागा जूनमध्येच भरली."

मला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं, एवढंच डोक्यात होतं.

एक गोष्ट मी वर सांगितली नाही. तेव्हा कोणालाच सांगितली नव्हती. आठ मेला तो कागद माझ्या हातात देऊन झाल्यावर सामंतसाहेब दारापाशी थांबले होते. म्हणाले होते, "टिळेकर, ह्यात कोणी तुमच्या जवळचं असेल तर कानावर घाला. लेखी काही नको. कोणी विचारलं तर मी तुम्हाला सांगितलेलं नाही. पण कानावर घाला, माणसाला दोन महिने तरी मिळायला हवेत." सामंतसाहेब वाईट नव्हते. त्यांनी स्वतः दोघांच्या कानावर घातलंही होतं, आणि त्या दोघांनी जूनमध्येच दुसऱ्या नोकऱ्या ठरवून ठेवल्या होत्या. म्हणजे माझं तोंड कोणी बांधलेलं नव्हतं. माझ्या नोकरीला काहीच होणार नव्हतं, हे मला शुक्रवारी जेवताना माहीत होतं. पण मी खरं सांगितलं असतं तर नागनाथदादा एक जूनला सोलापूरला हजर झाले असते, आणि सोमवारी, तीन जूनला, मी त्या टेबलावर एकटी बसले असते. नाही सांगितलं तर ते पंधरा जुलैपर्यंत होते. मध्ये एकतीस जेवणं होती. सुट्ट्या वगळून मी ती मोजली होती.

"घाबरलीस, होय ना?" नागनाथदादांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"सांगितलं असतंस तर तुझ्या नोकरीवर आलं असतं. तुम्हा लोकांकडून सह्या घेतल्या असणार, बाहेर काय बोलायचं नाही म्हणून. असतंय तसं, मला कळतंय."

'नाही' असं मला म्हणता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं.

"हो," मी म्हणाले. "घाबरले."

"मग झालं." त्यांनी मान हलवली. "मीच चुकलो. तुला विचारायलाच नको होतं. तुला उगाच अडचणीत घातलं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. महानंदावहिनींचा होता. त्यांनी माझ्या शेजारी बसूनच घेतला. "होय, कळलं... पंधरा तारखेपर्यंत... बघू की, करू काहीतरी... नाही गं, तसं काय बोलू नको. तिचा काय दोष? तिला बोलायची परवानगी नसती. बोलली असती तर तिची बी गेली असती... हाय की, इथंच बसलीय." मग फोन माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "घे. तिला बोलायचंय तुझ्याशी."

पाच महिने मी त्या बाईच्या हातचं खात होते आणि तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. बारीक, दमलेला आवाज होता. मागं कस्तुरी काहीतरी विचारत होती आणि वहिनी तिला थांब म्हणत होत्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमचं होईल काहीतरी. आम्ही तिघं हाय एकमेकांना. तुमची नोकरी राहिली, हे बरं झालं. तुम्हाला तरी दुसरं कोण हाय?"

"कोणी नाही," मी म्हणाले.